मध्ये कोणीच नाही

विम वेंडर्सच्या 'पोप फ्रान्सिस: अ मॅन ऑफ हिज वर्ड' (२०१८) या माहितीपटात पोप थेट तुमच्या डोळ्यांत बघून बोलतात. मुलाखतींवर उभ्या असलेल्या बहुतेक माहितीपटांत बोलणारा माणूस कॅमेऱ्याच्या जरा डावी-उजवीकडे बघत असतो, कारण प्रश्न विचारणारा तिथे बसलेला असतो. हॉटेलात शेजारच्या टेबलावरचं बोलणं ऐकावं तसं आपण ते ऐकतो. इथे ते शेजारचं टेबलच काढून टाकलंय. ऐंशीला टेकलेला एक म्हातारा, पांढरा झगा, आणि नजर सरळ तुमच्यावर. मोबाइलवर बघत असाल तर अंतर फार तर हातभर.

हे कसं केलं ते सांगते, कारण माझ्या मते सगळा सिनेमा या एका युक्तीत आहे. बातम्या वाचणाऱ्यांसमोर टेलिप्रॉम्प्टर असतो. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे ४५ अंशांत तिरकी काच लावलेली असते. खालच्या स्क्रीनवरची अक्षरं त्या काचेत वाचणाऱ्याला दिसतात, कॅमेऱ्याला मात्र काचेच्या आरपार वाचणाऱ्याचा चेहरा दिसतो. आता अक्षरांच्या जागी दिग्दर्शकाचा चेहरा दाखवायचा, बस. पोप बोलत होते वेंडर्सच्या चेहऱ्याशी. पण वेंडर्स नेमका तिथे आहे जिथे भिंग आहे, आणि भिंगाच्या जागी आता आपण आहोत. दिवसाचे तीन-चार तास मी व्हिडिओ कॉलवर असते. लॅपटॉपचा कॅमेरा स्क्रीनच्या वर असल्यामुळे कोणीच कोणाच्या डोळ्यांत बघत नाही, सगळे एकमेकांच्या हनुवटीशी बोलतात. त्यामुळे ही साधी काच काय किमया करते ते मला जरा जास्तच जाणवलं असेल.

अशा चार लांब बैठका झाल्या, पोप स्पॅनिशमध्ये बोलले, आणि ९६ मिनिटांचा सिनेमा झाला. कानमध्ये तो मे २०१८मध्ये दाखवला गेला. 'विंग्ज ऑफ डिझायर', 'बुएना व्हिस्टा सोशल क्लब', 'पिना' करणारा हा दिग्दर्शक. अलीकडे 'परफेक्ट डेज'मुळे आपल्याकडेही पोरापोरींच्या स्टोऱ्यांवर पोचलेला. या सगळ्या नावांत पोपवरचा सिनेमा थोडा अवघडून उभा असतो. वेंडर्सचे चाहते तो वगळतात आणि पोपचे चाहते वेंडर्सचं बाकी काही बघत नाहीत.

वेंडर्स जन्मला कॅथलिक घरात. पौगंडावस्थेत त्याला पाद्री व्हावंसं वाटत होतं. तरुणपणी तो चर्चपासून तुटला आणि कित्येक वर्षांनी परतला तो प्रॉटेस्टंट म्हणून. म्हणजे व्हॅटिकनने आमंत्रण धाडलं ते सोडून गेलेल्या पोराला. आणि त्या पोराने पोपबद्दल इतका प्रेमळ सिनेमा काढला की प्रेमळपणा हाच त्याच्यावरचा मुख्य आक्षेप ठरला.

मीही प्रॉटेस्टंट. आमचं घर अहमदनगरचं, अमेरिकन मराठी मिशनच्या काळात पणजोबांच्या पिढीत बाप्तिस्मा घेतलेलं. आमच्या चर्चच्या भिंतीवर एक रिकामा क्रूस सोडला तर काही नाही. ना मरियेचा पुतळा, ना संतांच्या तसबिरी. आजी एकदा वसईला एका लग्नाला जाऊन आली आणि पुढे वर्षभर 'त्यांच्यात' काय काय असतं ते सांगत राहिली. तिच्या लेखी पोप म्हणजे देव आणि माणसाच्या मध्ये खुर्ची टाकून बसलेला गृहस्थ. मध्यस्थ एकच, तो म्हणजे ख्रिस्त, हे वाक्य तिला पाठ होतं आणि कुठेही लागू पडायचं. २१ एप्रिल २०२५ला, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, पोप फ्रान्सिस वारले. मी घरच्या ग्रुपवर त्यांचा फोटो टाकून दोन ओळी लिहिल्या, तर मामांचा लगेच मेसेज आला, "काय गं, तू कधीपासून त्यांच्यात गेलीस?" पुढे हसणारी इमोजी होती, पण प्रश्न खराच होता. ज्या पदावर आपला विश्वासच नाही त्या पदावरच्या माणसाबद्दल जीव का तुटावा?

त्या आठवड्यात मी सिनेमा परत लावला, आणि या वेळी लक्षात आलं ते असं: वेंडर्सने या प्रश्नाचं उत्तर तंत्रातून दिलंय. प्रॉटेस्टंट माणसाला मध्ये कोणी नको असतं. वेंडर्सने मध्ये कोणी ठेवलं नाही. पत्रकार नाही, प्रवक्ता नाही, सिंहासन नाही, कार्डिनलांची रांग नाही. एक चेहरा आणि एक प्रेक्षक. पोपला त्याने असं बसवलंय की तो पोप उरतच नाही, शेजारचा म्हातारा उरतो. कॅथलिक चर्चच्या प्रमुखावरचा हा सिनेमा घाटाने संपूर्ण प्रॉटेस्टंट आहे. आजीने तो पाहिला असता तर बहुधा खुर्ची सरकवून ती त्या म्हाताऱ्याशी बोलायला बसली असती.

आणि तो म्हातारा बोलतो छान. घाईत आईबाप पोरांशी खेळत नाहीत हे तो ज्या काळजीने सांगतो त्याच काळजीने शस्त्रांच्या व्यापाराबद्दल सांगतो. मधूनमधून प्रवासाची दृश्यं येतात. २०१५च्या जानेवारीत ते फिलिपिन्समध्ये टाक्लोबानला गेले. तिथे २०१३च्या चक्रीवादळाने हजारो माणसं नेली होती. पाऊस कोसळतोय, अंगावर लोकांसारखाच स्वस्तातला पिवळा रेनकोट. लिहून आणलेलं भाषण त्यांनी बाजूला ठेवलं आणि तुम्हाला काय सांगावं मला कळत नाही, अशा अर्थाचं बोलले. धर्मगुरूंना शब्द कमी पडलेले आपण फार बघत नाही. दुसरा प्रसंग डिसेंबर २०१४चा. नाताळच्या शुभेच्छा घ्यायला व्हॅटिकनचे अधिकारी आणि कार्डिनल जमलेत, आणि पोप त्यांना त्यांच्या १५ आजारांची यादी वाचून दाखवतात: आपण अमर आहोत असं वाटणं, कुचाळक्या, आध्यात्मिक स्मृतिभ्रंश. ते चेहरे बघण्यासारखे आहेत. अप्रेझलच्या मीटिंगला गेलात आणि साहेबाने सगळ्यांसमोर सगळ्यांचीच काढली तर जे चेहरे होतील, ते.

असिसीच्या संत फ्रान्सिसचा धागा मला मात्र निम्माच पटला. हे नाव घेणारे हे पहिलेच पोप, म्हणून वेंडर्स आठशे वर्षं मागे जातो आणि संताच्या आयुष्यातले प्रसंग मूकपटासारखे, काळे-पांढरे दाखवतो. त्यासाठी १९२०च्या दशकातला, हाताने फिरवायचा कॅमेरा वापरलाय. दिसायला ते गोड आहे, जरा जास्तच गोड. सान दामियानोच्या पडक्या चर्चमध्ये क्रूसावरून आवाज येतो की माझं घर दुरुस्त कर, आणि आपण समजायचं की आताचे फ्रान्सिसही तेच करताहेत.

इथे वेंडर्समधला प्रॉटेस्टंट झोपला होता का, असं मला वाटतं. कारण या गोष्टीला एक जुळा भाऊ आहे आणि तो आमच्या बाजूचा आहे. कापडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा असलेल्या फ्रान्सिसच्या एक पिढी आधी, फ्रान्समधल्या लिऑन शहरात वाल्डो नावाचा श्रीमंत व्यापारी होता. त्यानेही संपत्ती वाटून टाकली, गरिबी पत्करली, लोकांच्या भाषेत शुभवर्तमान सांगत फिरू लागला. दोघांनीही रोमची परवानगी मागितली. फ्रान्सिसला ती मिळाली आणि १२२८मध्ये तो संत झाला. वाल्डोच्या लोकांना परवानगीशिवाय प्रवचन करायला बंदी झाली, त्यांनी ती मानली नाही, आणि ११८४मध्ये त्यांना बहिष्कृत केलं गेलं. हे वाल्डेन्सियन लोक आल्प्सच्या खोऱ्यांत लपून तगले, १५३२मध्ये धर्मसुधारणेत सामील झाले, १६५५च्या ईस्टरच्या सुमारास पिदमाँतमध्ये कापले गेले. व्यापारी तसेच, त्याग तोच. एकाची भित्तिचित्रं झाली, दुसऱ्याचं नाव तुम्ही कदाचित आत्ताच ऐकताय.

आणि गंमत म्हणजे हे पोप फ्रान्सिसना पक्कं ठाऊक होतं. २२ जून २०१५ला ते तुरिनमधल्या वाल्डेन्सियन चर्चमध्ये गेले. वाल्डेन्सियनांच्या चर्चमध्ये पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. तिथे त्यांनी कॅथलिक चर्चच्या वतीने माफी मागितली, तुमच्याशी आम्ही ख्रिस्ताला न शोभणारं, माणुसकीलाही न शोभणारं वागलो म्हणून. मला हा माणूस आवडतो तो बऱ्याच अंशी यासाठी. ते जेझुइट होते, म्हणजे ज्या संघाने सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंटांविरुद्ध बौद्धिक आघाडी सांभाळली त्यातले. त्या संघातला माणूस आमच्या लोकांकडे येऊन मान खाली घालतो. एका प्रॉटेस्टंट दिग्दर्शकाला दोन फ्रान्सिसांची समांतर गोष्ट सांगायची होती, तर तिसरा माणूस, हाकलून दिलेला, त्याच्या हाताशीच होता. त्याला घेतलं असतं तर मूकपटाचा गोडवा कमी झाला असता आणि आजच्या पोपची उंची वाढली असती.

आता मुख्य तक्रार. सिनेमात प्रश्न आहेत. शेतकरी, कामगार, मुलं, निर्वासित, कैदी यांच्या मनातले प्रश्न घेऊन पोपना बोलतं करायचं, अशी कल्पनाच आहे. नाही तो प्रतिप्रश्न. पोप उत्तर देतात, उत्तर सुंदर असतं, सिनेमा पुढे जातो. "पण मग..." असं कोणी म्हणत नाही. मला पोप'बद्दल' नव्हे, पोप'बरोबर' सिनेमा करायचा होता, अशी वेंडर्सची भूमिका होती. भूमिका प्रामाणिक आहे. पण बरोबर चालणारा माणूस वाटेत एकदाही थांबवून काही विचारत नाही, असं खऱ्या मैत्रीत होत नाही.

तंत्राचा दोष म्हणावा तर तोही नाही. टेलिप्रॉम्प्टरची ही युक्ती गाजवली ती एरल मॉरिस या अमेरिकी दिग्दर्शकाने. त्याच्या 'द फॉग ऑफ वॉर'मध्ये (२००३) व्हिएतनाम युद्धाच्या काळातले अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा असेच थेट आपल्याकडे बघून बोलतात. पण मधूनच काचेपलीकडून मॉरिसचा आवाज येतो, जरा कर्कश, ओरडल्यासारखा. शेवटी तो विचारतो, युद्धासाठी तुम्हाला स्वतःला जबाबदार वाटतं का? मॅक्नमारा उत्तर द्यायला नकार देतात. तो क्षण विसरता येत नाही. तीच काच, तीच नजर. फरक एवढाच की मॉरिस तिथे हजर आहे आणि वेंडर्सने स्वतःला पुसून टाकलंय. निवेदनात त्याचा आवाज आहे, पण तो आवाज विचारत नाही, वाखाणतो.

याची किंमत कुठे मोजावी लागली ते तारखांवरून दिसतं. सिनेमा अमेरिकेत प्रदर्शित झाला १८ मे २०१८ला. त्याच दिवशी चिलीच्या सगळ्या बिशपांनी पोपकडे राजीनामे सादर केल्याचं जाहीर झालं. कारण लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांवर घातलेलं पांघरूण. आणि या प्रकरणात पोप फ्रान्सिस स्वतः नामानिराळे नव्हते. एका अत्याचारी पाद्र्याला पाठीशी घातल्याचा आरोप असलेल्या हुआन बारोस यांना त्यांनी २०१५मध्ये ओसोर्नो शहराचं बिशपपद दिलं. नेमणुकीच्या सोहळ्यातच चर्चमध्ये निदर्शनं झाली. त्याच वर्षी एका व्हिडिओत पोप ओसोर्नोच्या लोकांना, डाव्यांच्या नादी लागून मूर्खपणा करताय, अशा अर्थाचं बोलताना दिसले. जानेवारी २०१८मध्ये चिलीच्या दौऱ्यात एका पत्रकाराने विचारलं तेव्हा त्यांनी पुरावा आणा असं सुनावलं आणि आरोपांना बदनामी म्हटलं. तक्रार करणारे तिघं पीडित तेव्हा काही वर्षं जाहीरपणे बोलत होते.

सिनेमातल्या मुलाखती या दौऱ्याच्या आधीच्या आहेत, हे वेंडर्सच्या बाजूने म्हटलंच पाहिजे. पण ओसोर्नो आधीच घडून गेलं होतं. सिनेमात लैंगिक अत्याचारांचा विषय येतो. पोप म्हणतात की याला अजिबात थारा नाही, शून्य सहनशीलता. त्यांच्या डोळ्यांत खोटेपणा दिसत नाही. आणि तिथेच माझ्यासारखीला त्या काचेचा राग येतो. कारण डोळ्यांत खोटेपणा नसणं हा इथे मुद्दाच नव्हता. चेहरा खरा होता, निर्णय चुकीचा होता. निर्णय चेहरा घेत नाही, पद घेतं, आणि पद वेंडर्सने चौकटीबाहेर ठेवलंय. मध्यस्थ काढून टाकताना त्याने मध्यस्थाची जबाबदारीही काढून टाकली. शेजारच्या म्हाताऱ्याला कोण विचारणार की या बिशपला तुम्ही का नेमलं?

पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण ते सिनेमापेक्षा मोठं आहे. त्या विधानानंतर पीडितांचा संताप झाला, बॉस्टनच्या कार्डिनल ओ'मॅलींनीसुद्धा जाहीरपणे सांगितलं की पोपच्या शब्दांनी पीडितांना वेदना झाल्या. पोपनी माल्टाचे आर्चबिशप चार्ल्स शिक्लुना यांना चौकशीला पाठवलं. २३०० पानांचा अहवाल आला. एप्रिलमध्ये पोपनी बिशपांना पत्र लिहून कबूल केलं की माझं आकलन गंभीरपणे चुकलं. मग त्या तिघांना त्यांनी व्हॅटिकनला आपल्या निवासस्थानी बोलावलं आणि माफी मागितली. जूनमध्ये बारोस यांचा राजीनामा स्वीकारला. सगळी भरपाई झाली असं मी म्हणत नाही. पण ज्यांना बदनामी करणारे ठरवलं त्यांनाच बोलावून तुमचं खरं होतं असं म्हणणारा सत्ताधारी मला माझ्या आयुष्यात दुसरा आठवत नाही, धर्मातला नाही की राजकारणातला. आणि हे घडलं ते कोणी तरी प्रतिप्रश्न केल्यामुळे.

जाता जाता एक व्हॅटिकनी विनोद. वेंडर्सला या सिनेमासाठी विचारणारे व्हॅटिकनच्या संपर्क विभागाचे प्रमुख दारिओ विगानो यांना मार्च २०१८मध्ये, म्हणजे प्रदर्शनाच्या दोनच महिने आधी, पद सोडावं लागलं. का? निवृत्त पोप बेनेडिक्ट यांच्या पत्राचा फोटो प्रसिद्ध करताना त्यातल्या अडचणीच्या ओळी धूसर केल्या म्हणून. काय दाखवायचं आणि काय धूसर करायचं, हे या सिनेमाच्या जन्माच्या आसपासच घुटमळत होतं म्हणायचं.

प्रॉटेस्टंट म्हणून, त्यातही बाई म्हणून, माझा एक प्रश्न आहे जो काचेपलीकडून विचारायला हवा होता. आमच्या मंडळीत काही वर्षं पाळकबाई होत्या. प्रभुभोजनाची भाकर मी त्यांच्या हातून घेतलीय. ३१ ऑक्टोबर २०१६ला, ल्यूथरच्या बंडाला पाचशेवं वर्ष लागताना, पोप फ्रान्सिस स्वीडनमध्ये लुंडच्या कॅथेड्रलमध्ये ल्यूथरनांबरोबर उपासनेला उभे राहिले. केवढी गोष्ट! त्या स्वीडिश चर्चच्या प्रमुख आर्चबिशप अंतिए याकेलेन, एक स्त्री. दुसऱ्या दिवशी परतीच्या विमानात एका स्वीडिश पत्रकाराने विचारलं, कॅथलिक चर्चमध्ये स्त्रिया कधी पाद्री होतील का? पोप म्हणाले की जॉन पॉल दुसरे यांनी यावर अखेरचा शब्द दिलाय आणि तो कायम आहे. माझ्या मनात पोप फ्रान्सिसबद्दलचा आदर आणि या उत्तराबद्दलची नाराजी शेजारी शेजारी राहतात, भांडतात, पण एकमेकांना घराबाहेर काढत नाहीत. सिनेमात मात्र नाराजीला खोलीच नाही.

मग प्रॉटेस्टंटाने पोपवर प्रेम करावं तरी कसं? याचा एक जुना नमुना आहे. कार्ल बार्थ हा स्विस माणूस विसाव्या शतकातला सगळ्यात वजनदार प्रॉटेस्टंट धर्मचिंतक. एकेकाळी कॅथलिक तत्त्वज्ञानातल्या एका पायाभूत कल्पनेला त्याने चक्क ख्रिस्तविरोधकाची निर्मिती म्हटलं होतं. तेविसावे जॉन यांनी बोलावलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तो हलला. निरीक्षक म्हणून त्याला आमंत्रण आलं, पण आजारपणामुळे जाता आलं नाही. परिषद संपल्यावर, १९६६च्या सप्टेंबरमध्ये, ८० वर्षांचा बार्थ बायकोला आणि डॉक्टरला बरोबर घेऊन रोमला गेला. नुसता गेला नाही. परिषदेचे दस्तऐवज लॅटिनमध्ये वाचून, प्रत्येकावर प्रश्न काढून गेला: काही समजून घेण्याचे, काही टीकेचे. पोप सहावे पॉल यांना भेटला तेव्हा मरियेचा विषय निघाला. बार्थचं म्हणणं, चर्चला आदर्शच हवा असेल तर मरियेपेक्षा योसेफ बरा, गुपचूप सांभाळ करणारा. पोप म्हणाले, या उतारवयात तुम्हाला या बाबतीत आणखी खोल दृष्टी मिळावी म्हणून मी प्रार्थना करीन. दोघंही आपापल्या जागेवरून इंचभर हलले नाहीत, आणि बार्थ खूश होऊन घरी परतला.

आमच्या धंद्यात कोड रिव्ह्यू असतो. ज्याच्या कामाबद्दल खरा आदर असतो त्याच्या कोडवर जास्तीत जास्त कॉमेंट पडतात. 'छान दिसतंय' लिहून दोन मिनिटांत मंजूर केलं की समजायचं, कोणी वाचलेलं नाही. बार्थने वाचलं होतं. वेंडर्सनेही वाचलं असणार, इतका मोठा दिग्दर्शक आहे तो. पण भक्ती आडवी आली. कॅमेऱ्यात थेट बघून मनापासून बोलणारे आणि प्रश्न न घेणारे नेते आपल्याला दर आठवड्याला फोनवर दिसतात. एका चांगल्या माणसाला त्याच चौकटीत बसवायचं म्हणजे त्याच्यावर अन्यायच.

आणि पोप फ्रान्सिसना प्रश्न झेपत होते. १५ नोव्हेंबर २०१५ला ते रोममधल्या ल्यूथरन चर्चमध्ये गेले. तयार प्रवचन बाजूला ठेवून त्यांनी लोकांचे प्रश्न घेतले. एका लहान मुलाने विचारलं, पोप असण्यात तुम्हाला काय आवडतं? मग एक ल्यूथरन बाई उठल्या. नवरा कॅथलिक, कित्येक वर्षांचा सुखाचा संसार, पण प्रभुभोजनाला एकत्र बसता येत नाही, याचं काय करायचं? आमच्याकडे अशी लग्नं झालेल्या घरांत रविवारी सकाळी नवरा एका चर्चला आणि बायको दुसऱ्या चर्चला जाते. हा प्रश्न पुस्तकी नाही.

पोप आधी हसले. समोर कार्डिनल कॅस्परसारखे धर्मपंडित बसलेत, त्यांच्यापुढे उत्तर द्यायची मला भीती वाटते, म्हणाले. मग अडखळत, स्वतःलाच प्रश्न विचारत, चाचपडत बोलत राहिले. बाप्तिस्मा तर तुमचा-आमचा एकच आहे. स्पष्टीकरणांपेक्षा आयुष्य मोठं असतं. परवानगी द्यायचा अधिकार मला नाही. प्रभूशी बोला आणि पुढे चला. याहून जास्त बोलायचं धाडस मी करणार नाही. नियमाचं माणूस म्हणून नाही म्हणता येत नाही, माणूस म्हणून हो म्हणता येत नाही, आणि दोन्हींच्या मध्ये अवघडलेले पोप सगळ्या चर्चसमोर उघडे. निघताना त्यांनी त्या मंडळीच्या पाळकांना भेट दिली ती प्रभुभोजनाचा पेला आणि तबक यांची.

वेंडर्सच्या चार बैठकींतला चेहरा शांत, उजळ, तयार आहे. या चर्चमधले पोप कॅमेऱ्याकडे बघतही नाहीत, बाईंकडे बघतात. त्याचं चित्रण इंटरनेटवर आहे, इटालियनमध्ये. सिनेमा बघाच, पण आधी ते शोधा. भाषा नाही आली तरी चालेल, त्यांचे हात बघा.